पावलं वळवा, कंबर नाही

“थांबा. तसं उचलू नका.”

घड्याळं दुरुस्त करणारी ती तरुणी वाकली होती तशीच थबकली. हात अवजारांच्या लोखंडी पेटीवर, आणि दारात एक अनोळखी माणूस. पहिल्या मजल्यावरचं दुकान समोरच्या इमारतीत तळमजल्यावर हलवायचं होतं, त्यासाठी जिना बघायला आलेला हमाल. अंगाने चांगलाच किरकोळ. हा काय उचलणार, असं तिच्या मनात आलंच.

तो पेटीजवळ आला. पाय फाकवून गुडघ्यांत वाकला, पेटी जरा हलवून वजन अजमावलं, छातीशी घट्ट धरली आणि सरळ उभा राहिला. कपाळावर आठीसुद्धा नाही. मग कंबर न पिळता नुसती पावलं वळवली आणि पेटी टेबलावर ठेवली. तिने शेकडो घड्याळांची पोटं उघडून पाहिली होती, पण इतकं अचूक चालणारं काही ती पहिल्यांदाच पाहत होती. पाहतच राहिली.

“ओझं पायांनी उचलायचं,” तो म्हणाला. “पाठीला फक्त सरळ राहू द्यायचं. बाकी ती बिचारी काही मागत नाही.”

कोपऱ्यातून तिचे बाबा हसले. चाळीस वर्षं याच टेबलावर मान घालून बाबांना पोक आलं होतं. आकाश बघायचं तर खुर्चीत रेलावं लागे. तिलाही हल्ली सकाळी उठताना कळ यायची, पण ती कुणाला ताकास तूर लागू देत नव्हती. याने मात्र तिला दोन मिनिटं कामाला बसलेलं पाहिलं आणि कळ नेमकी कुठे येते ते सांगितलं.

दोन दिवसांचं काम पाच दिवस चाललं, आणि त्याला कारण तीच. रोज एखादं घड्याळ ‘अजून तपासायचंय’ म्हणून ती मागे ठेवायची. नवल म्हणजे त्यालाही कसली घाई नसायची. तेवढ्यात त्याने नव्या जागेतल्या तिच्या टेबलाखाली ठोकळे घातले, म्हणजे मान खाली न जाता घड्याळच डोळ्यांपाशी येईल. पायांखाली पाट दिला. सकाळी उठताना आधी कुशीवर वळायला शिकवलं. दर अर्ध्या तासाने उठायचं म्हणून बजावलं. त्याचे सोबती त्याला ‘मास्तर’ म्हणत ते काही उगाच नाही. अकरा वर्षांत मास्तरची कंबर एकदाही धरली नाही, हे ते अभिमानाने सांगत.

“उठून करू काय?” तिने विचारलं.

“खिडकीशी जा. बाहेर बघा.”

“बाहेर काय आहे बघण्यासारखं?”

“मी... सामान नेत असतो,” तो म्हणाला आणि लाल झालेले कान लपवत दोरी बांधू लागला.

ती खिडकीशी जात राहिली. अर्ध्या तासाची वीस मिनिटं झाली, मग दहा. जड वस्तू दोघांनी उचलायची तर तो विचारायचा, “घेतलं?” समोरचा “घेतलं” म्हणेपर्यंत वस्तू तसूभरही हलायची नाही. माणसं एकमेकांवर इतका भरवसा टाकतात, हे बघून तिला भरून यायचं.

पाचव्या दिवशी माणसाच्या उंचीचं मोठं घड्याळही नव्या जागी सुखरूप पोचलं. आता मागे ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो दूरच्या शहरात कामाला जाणार होता, तीन महिन्यांसाठी. जुन्या दुकानात उरलेलं तिचं हलकंसं स्टूल त्याने उचललं आणि तो दाराकडे निघाला. आता नाही तर कधीच नाही, हे तिला कळत होतं.

“उद्यापासून खिडकीतून मी काय बघू?” ती पाठीमागून म्हणाली.

तो वळला. पावलं जागच्या जागी, वळली ती कंबर. आणि तो तसाच, स्टूल हातात धरून, वाकडा उभा राहिला.

त्याला जमिनीवर उताणं निजवून तिने गुडघ्यांखाली घडी केलेलं कांबळं सरकवलं. दारात सोबती आ वासून उभे होते. मास्तरच्या कंबरेत उसण, तीही स्टुलापायी.

“पावलं वळवायची होती ना?” तिने विचारलं.

“तुमचा आवाज आला...” तो छताकडे बघत म्हणाला. “पाय आहेत हेच विसरलो. पाच दिवस हेच चाललंय.”

ती थक्क झाली. अकरा वर्षं तसूभर न चुकलेला हा माणूस आपल्या एका वाक्याने चुकला. एवढं बळ आपल्यात आहे हे तिला ठाऊकच नव्हतं, आणि आनंदाने तिला रडू यायला लागलं.

“आता दोन-तीन आठवडे कुठलं ओझं नि कुठलं शहर,” तो म्हणाला.

“मग इथेच राहा. खिडकीशी बस, मी काम करताना वाकले तर ओरड.” ती त्याला ‘तू’ म्हणाली होती, हे दोघांच्याही लक्षात आलं.

तासाभराने कळ थोडी ओसरली. त्याने शिकवलं होतं तसंच तिने त्याला आधी कुशीवर वळायला लावलं. मग पाय फाकवून गुडघ्यांत वाकली, पाठ सरळ ठेवली आणि त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

“घेतलं?” तिने विचारलं.

तो कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिला. ती हलली नाही.

“घेतलं,” तो म्हणाला, आणि दोघं एकदमच उठली.