रिठ्यात धुतलेली सात घड्याळं

आधीच ओरडून सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय! खोटा निघाला तर माझ्या उरलेल्या दोन दाढा आत्ताच्या आत्ता पडू द्या.

साल पंचावन्न-छप्पन असंल. शेळगावच्या सर्जेराव आबांना एकच नाद, जुनी सोन्याची मनगटी घड्याळं. एक गोऱ्या सायबानं बोटीत बसता बसता दिलेलं, एक कुणा संस्थानिकाच्या लिलावातलं... अशी सात जमवली. डोळं मिटून नुसत्या टिकटिकीवरनं वळखायचे, कुठलं कुठलं ते. एकाची टिकटिक तर वारा बरा असला की पार पल्याडच्या लासुर्णे गावापर्यंत जायची! दसऱ्याला लाल कापडावर सात मांडली की अख्खं गाव कान लावायला यायचं.

सातांना रोज सकाळी चावी द्यायचा मान मात्र लेकीचा, जयवंताचा. दुसऱ्या कुणाला आबा हात लावू द्यायचे न्हाईत. पोरीला त्याचा केवढा तोरा!

त्या साली आबा आठव्या घड्याळाच्या मागं कोल्हापूरला गेलेले. दसरा आठ दिवसांवर. आईनं पाटल्या, बोरमाळ काढून दिली. "रिठ्यात घाल गं, सणाला उजळू दे."

जयवंता म्हणली, सोनं ते सोनंच की! दागिन्यांसंगं घड्याळं बी घातली पाण्यात. काय चकाकली म्हणता... पण दुपारपर्यंत एकेक मुकं झालं. त्यात काढताना घाईत सहाच हाताला लागली. सातवं घंगाळाच्या तळाशी, फेसात राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी मावशीचं नाव सांगून पहिल्या एसटीनं ती बारामतीला. उतरली न् पावसाची सर आली. पदर सावरत पळाली, न् जे दुकान गाठलं ते नेमकं घड्याळजीचं! डोळ्याला भिंग लावलेला एक तरणा गडी मान वर न करता म्हणला, "पाणी बाहेर झटका. घड्याळांना सोसत न्हाय."

"ते कळलंय मला," म्हणत तिनं रुमाल उघडला.

त्यानं एक झाकण काढलं, वास घेतला... भिंग हळूच खाली आलं.

"रिठा?"

"...व्हय."

"न्हाऊ घातलंत? उटणं न्हाय लावलं?"

"ते दिवाळीला. हसून झालं आसंल तर सांगा, दसऱ्यापर्यंत चालतील का? न्हाईतर आबा परत कधी चावीला हात लावू देणार न्हाईत मला."

"ह्या महिपतीकडनं घड्याळ मुकं परत गेलेलं न्हाय."

"लई घमेंड!"

"कसब म्हणत्यात त्याला."

दुसऱ्या दिवशी मावशीची परत आठवण आली. सातवं घेऊन जयवंता हजर, म्हणली फेसातच राहिलं हुतं. महिपतीनं ते उघडलं, उजेडाकडं धरलं.

"सहांच्या आत गंज धरला. हे एक दिवस जादा पाण्यात राहूनबी कोरं... कसं काय?"

"नशीबवान आसंल."

"घड्याळ — का घड्याळजी?"

ती बाहेर पाऊस बघत बसली. पाऊस तर कवाच थांबला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सहा चालू करून दिली त्यानं. म्हणला, "सातवं मी सोता आणून देतो."

सणाला आबा परतले. आठवं काय गावलं न्हवतं. त्यांनी डोळं मिटून एकेक कानाला लावलं... तिसऱ्यापाशी थांबले.

"हे चौदा वर्षं लंगडत हुतं. आज सरळ चालतंय. आन् सातवं कुठाय? कुणी हात लावला?"

वाडाभर माणसं. तेवढ्यात महिपती दारात, एका हातात सातवं घड्याळ, दुसऱ्यात आपट्याची पानं.

"आबा, मीच ते..."

"थांबा!" जयवंता म्होरं आली. मान ताठ. "धुतली मी, बिघडवली मी. ह्यांनी नीट केली. बोलायचं ते मला बोला."

आबांनी सातवं कानाला लावलं. कितीतरी वेळ काढलं न्हाय.

"पुण्या-मुंबईच्यांनी हात टेकले ह्या तिसऱ्यापुढं. कुणाचा रं तू?"

"पणदऱ्याच्या जोतीरामांचा."

"काय देऊ तुला?"

महिपती म्हणला, "दुकानात भिंतभर घड्याळं हाईत, आबा... रोज चावी द्यायला हक्काचं माणूस न्हाय."

आबा मिशीत हसले. "मला कशाला इचारतोस? चावी तिच्या हातात असती."

सगळं गाव जयवंताकडं बघायला लागलं. तिनं इचारलं, "दुकानात रिठा हाय का?"

"आजच आणतो!"

तिनं हात पुढं केला, न् गावासमोर त्याच्या हातनं पहिलं सोनं घेतलं.

लग्नात आबांनी सातवं जावयाच्या मनगटावर बांधलं. पट्ठ्या वरातभर बाही वर सारून चालला!

आता असं टक लावून बघू नका... एक कबूल करते. सातवं काय तळाशी राहिलं न्हवतं. ते ठणठणीत कोरडं, फळीवर टिकटिकत हुतं. बारामतीवरनं आल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंतानं त्याला नीट चावी दिली, न् सोताच्या हातानं रिठ्यात बुडवलं. शंभर मोजेपर्यंत वर काढलं न्हाय.