केयूर डॉक्टरचा आरसा

चष्म्याचा नंबर वाढल्यासारखा वाटतोय, उद्या डोळे दाखवून येते, एवढंच मी म्हटलं होतं. तेवढ्यावर श्रीधरकाकांनी गच्चीवरच्या चटईवर मांडी घातली. मुकुंदवाडीत लाईट गेलेली, साडेनऊ वाजलेले. माझी स्वरदा आणि तिच्या दोन मैत्रिणी मोबाईलच्या उजेडात भाजलेले दाणे खात बसलेल्या.

"केयूर डॉक्टर सोडून कुणाकडंबी जा," काका म्हणाले.

काकांच्या गोष्टीतलं भूत कायम ओळखीच्या माणसाला भेटतं. त्यांना स्वतःला एकही भेटलेलं नाही. भुतंही माणूस बघून येत असावीत. असं मनात म्हणत मी मुलींच्या मधोमध जाऊन बसले. मी पंचेचाळीस वर्षांची, त्यांना धीर द्यायला नको का?

पुढचं काकांच्याच तोंडून सांगते.

वरच्या खोलीत शिवराज राहतो का नाय, तो ह्या केयूर डॉक्टरकडं कामाला होता. पेशंटच्या डोळ्यात थेंब टाकायचे, मशीनवर हनुवटी ठेवायला लावायची. त्यानं सांगितलं ते सांगतो. पदरचं एक अक्षर नाय.

डॉक्टर डोळ्याच्या नसेचा. डोळ्यातून मेंदूकडं नस जाते ना, ती बिघडली की ह्याच्याकडं. हुशार, वाद नाय. पण समोर पेशंट बसला की ह्याच्या डोक्यात पहिला प्रश्न, हा खोटं बोलतोय का? सुनेला स्वयंपाक नको म्हणून दिसत नाय, कामगाराला ड्युटी नको म्हणून दिसत नाय, पोराला परीक्षा नको म्हणून दिसत नाय. जग सगळं ढोंगी, हा एकटा खरा.

ढोंग पकडायला ह्याच्याकडं एक आरसा. दोन फुटी, कपाटाला असतो तसला. पेशंटच्या तोंडासमोर धरायचा नि डावी-उजवीकडं फिरवायचा. दिसत असलं तर माणसाचे डोळे स्वतःच्या तोंडामागं जातातच. जीभ आवरता येते, डोळे नाय.

"खरं, आजोबा?" स्वरदानं विचारलं.

"तुझ्या आईवर करून बघ. तशीबी आरशापुढून हलत नाय ती."

मी दाणे सोलत राहिले.

दिवाळीच्या आधी पैठणचा एक शिंपी आला. कृष्णा. मशीनवरून उठून तसाच एसटीत बसलेला, गळ्यातली टेपसुद्धा काढली नव्हती. म्हणला, "आठ दिवसांत अंधार झाला, साहेब." डॉक्टरनं आरसा फिरवला. कृष्णाचे डोळे थरथरले. ते तसेबी थरथरतच होते, दुखणंच तसं होतं, शिवराजला दिसत होतं. पण डॉक्टर हसला. "बघ, कसे पळतायत! ऊठ रे नाटक्या. घरी जा, ब्लाउज शीव." कागदावर तेच इंग्रजीत लिहिलं.

कृष्णा स्टँडवर जायला रस्ता ओलांडत होता. ट्रक दिसला नाय त्याला.

दिसत नाय, असं सांगूनच गेला होता बिचारा.

डॉक्टरला कळलं, तर म्हणला, "प्यायला असेल."

आता मागच्या डिसेंबरची अकरा तारीख. गुरुवार. अमावस्येला चांगले आठ दिवस होते, तेव्हा तसलं काय डोक्यात आणू नका. बजाजनगरला तनुजा म्हणून एक बाई. वाळूजच्या कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर. चार दिवस झाले म्हणे, काहीच दिसत नाय. कंपनीच्या साहेबाला पटेना. त्यानं डॉक्टरला फोन लावला, घरी जाऊन बघता का? ढोंग असलं तर सोमवारपासून मशीनवर उभी करतो.

आंधळा हात प्रेसखाली. समजलं का? आणि नस सुजली असली तर सलाईनमधून औषध लगेच लागतं. उशीर झाला की डोळे गेले ते गेले. हे डॉक्टरला माहीत होतं.

आरसा चादरीत गुंडाळून डॉक्टर नि शिवराज रात्री आठ पन्नासला पोचले. एकच खोली, एकच ट्यूब. सासूनं दार उघडलं. तनुजा खुर्चीत बसलेली. डॉक्टर तिच्यासमोर स्टुलावर, पाठ भिंतीकडं. शिवराज तिच्या बाजूला, खुर्ची धरून.

"काय बाई, सुट्टी किती दिवसांची पाहिजे?"

"सुट्टी नको, साहेब. डोळे पाहिजेत."

"सगळ्या हेच म्हणतात."

आरसा डावीकडं गेला. उजवीकडं गेला. तिचे डोळे दगडासारखे. पुन्हा फिरवला. काही नाय. डॉक्टर वैतागला, आरसा मांडीवर आडवा टाकला.

आणि तेव्हा तिचे डोळे हलले.

डावीकडून उजवीकडं. सावकाश.

"पकडली!" डॉक्टर म्हणला. "शिवराज, बघ. आता बरे फिरतायत!"

शिवराजनं आरशाकडं पाहिलं. आरसा मांडीवरच होता.

तनुजानं विचारलं, "तुम्ही किती जण आलात?"

"दोघं."

"मग तुमच्या मागं भिंत चाचपतोय, तो कोण?"

डॉक्टरच्या मागं भिंत होती. कॅलेंडर होतं. बस.

"म्हणजे दिसतंय तुला!"

"नाय हो. सगळं काळं. तुम्ही नाय दिसत, ट्यूब नाय दिसत. तो तेवढा दिसतो."

डॉक्टर फिसकन हसला. "नजर गेली की मेंदू असली चित्रं काढतो. पुस्तकात आहे."

"म्हणजे सर, नजर गेलीय ना तिची?" शिवराज म्हणला.

"तू गप्प बस."

"गळ्यात टेप आहे त्याच्या," ती म्हणली. "शिंप्याची."

शिवराजनं खुर्ची सोडली. डॉक्टरला मात्र काय टेप नि काय शिंपी. पेशंटला माणूस समजला असता तर आठवला असता.

"कोण शिंपी? हे बघ, माझा वेळ..."

"बोलू नका!" ती कुजबुजली. "तुम्ही बोललात की थांबतो. कान देतो. मग इकडं वळतो."

"काय मूर्खपणा..."

"वळला."

...

"साहेब... नका बोलू."

सासूनं तोंडात पदर कोंबला.

तनुजाचे डोळे आता फिरत नव्हते. एकाच जागी होते. डॉक्टरच्या उजव्या खांद्यावर.

"टेप काढली," ती ओठातल्या ओठात म्हणली. "खांदा मोजतोय."

डॉक्टरनं तोंड उघडलं.

शिवराजनं मान हलवली. नाय. नाय.

...

जन्मात पहिल्यांदा तो माणूस गप्प बसला.



मग खिशातून पेन काढलं. मांडीवरच्या आरशावर कागद ठेवला. लिहिलं, नस सुजली आहे, आजच भरती करा, औषध आजच सुरू करा. सही केली. कागद शिवराजच्या हातात दिला. कागद वाजू दिला नाय.

तनुजानं डोळे मिटले. "आता तोबी दिसत नाय," म्हणली.

डॉक्टर अनवाणीच जिना उतरला.

रात्रीच तिला भरती केलं. एक डोळा पूर्ण आला, दुसरा बराचसा. मार्चपासून कामावर जाते. दिसतं म्हणून जाते, कुणी ढकललं म्हणून नाय.

"आणि डॉक्टर?" स्वरदा माझ्या दंडाला धरून होती. की मी तिच्या, नक्की आठवत नाही.

काकांनी आवाज उतरवला.

डोळ्याच्या दवाखान्यात भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर एक मळकी रेघ असतेच. दिसत नसलेली माणसं हात टेकवत चालतात, त्याची. पण डॉक्टर राहतो ज्योतीनगरला, तिसऱ्या मजल्यावर. तिथल्या जिन्यात पेशंट येत नाय. संक्रांतीच्या सुमाराला तिथं रेघ उठली. गेटपासून. सोसायटीनं रंग मारला. पुन्हा उठली, वर चढली. आता तिसऱ्या मजल्यावर आलीय आणि डॉक्टरच्या दाराच्या अलीकडं थांबलीय. घरातलं कुणी मोठ्यानं बोलत नाय. बायको-पोरं खुणा करतात.

"शिवराज पहिल्यांदा बघून आला तेव्हा दारापासून हातभर लांब होती," काका म्हणाले. "परवा पुन्हा गेला होता."

आणि काही न बोलता त्यांनी मोबाईलच्या उजेडात चार बोटं आडवी धरली.