केसातले चार महिने

पूर्वी कचेरीत गेलं की अंगठा मागत. मग डोळ्याची बाहुली मागू लागले. आता केस मागतात. पेंडो केळुसकरनेही मुकाट्याने मान पुढे केली. नागरिकत्व विभागातल्या सबनीसबाईंनी तिच्या बारीक वेण्यांतली एक मुळाशी कापली, पाण्यातून काढून सरळ केली आणि टेबलावरच्या डब्यासारख्या यंत्रात सरकवली. शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा तन्मय बसला होता. हा जहाजावरचा सेकंड इंजिनिअर. यंत्र दिसलं की त्याचा जीव तिथेच अडकायचा.

"किती वेळ लागतो?" त्याने विचारलंच.

"चहा होईपर्यंत," सबनीसबाई म्हणाल्या.

यंत्राचं सरकारी नाव भलं लांबलचक होतं, लोक त्याला नुसतं केसवाची म्हणत. केस महिन्याला जेमतेम नखाएवढा वाढतो, आणि आपण जे खातो-पितो त्यातूनच वाढतो. आता सगळ्या अन्नातला कार्बन काही एका वजनाचा नसतो. भातातला हलका, मक्यातला किंचित जड. मासळी खाल्लेली असेल तर तिची खूण नायट्रोजनात उमटते. केसवाची केसाचा कण न् कण जाळून हे वजन करायची आणि कुठल्या महिन्यात हे माणूस कुठल्या मुलखाचं अन्न खात होतं ते सांगून मोकळी व्हायची. लग्नाच्या नात्याने नागरिकत्व मागणाऱ्याने आपण देशाबाहेर कितीदा, किती काळ राहिलो ते आधी स्वतःच्या तोंडाने सांगायचं, आणि मग केसाने त्याची साक्ष द्यायची, असा नवा नियम होता.

पेंडो मोंबासाची. तन्मयचं जहाज तिथल्या गोदीत दुरुस्तीला अडकून पडलं होतं, तेव्हा ती गोदीच्या ऑफिसात होती. लग्न करून वेंगुर्ल्याला आली त्याला आता पाच वर्षं झाली होती. सासूच्या हाताखाली ती अशी फर्डी मालवणी शिकली, की बाजारात कोळणी तिला भाव सांगताना दोनदा विचार करत.

चहा आला आणि पडदाही उजळला. लांबच लांब निळी पट्टी. निळा म्हणजे भात आणि मासळी, म्हणजे कोकण. पण त्या निळ्यात मध्येच तीन ठसठशीत पिवळे पट्टे होते.

सबनीसबाईंनी चष्मा काढून पुसला. "अर्जात तुम्ही लिहिलंय की देशाबाहेर एकदाच गेला होतात. वडील वारले तेव्हा, तीन आठवडे."

"हो," पेंडो म्हणाली.

"मग हे काय? गेली तीन वर्षं, जुलै सुरू झाला की पुढे चार महिने भात बंद, मासळी बंद. नुसता मका. तुमच्याकडे मोंबासाला काय खातात हो?"

"उगाली. मक्याच्या पिठाची असते. पण इथे मी मका खात नाही."

"तेच म्हणतेय मी. इथे खात नाही, तर मग कुठे खाता?"

तन्मयला वाटलं, आता ही फाडकन काहीतरी बोलेल. कोळणींना गप्प करणारी बाई ती! पण पेंडो आपल्या बांगड्यांकडे बघत राहिली.

"पासपोर्टवर शिक्का नाही," शेवटी तोच म्हणाला. "आणि पाणी? पाण्यावरून कळत नाही का?"

"दोन्हीकडे समुद्रकिनाराच. पाणी या यंत्राला जवळपास सारखंच लागतं. म्हणून तर अन्न बघायचं. आणि शिक्क्याचं म्हणाल, तर शिक्का न मारता समुद्र ओलांडणारे थोडे आहेत का? तुम्ही समुद्रावरचे, तुम्हाला मी काय सांगू?" सबनीसबाईंचा आवाज वाईट नव्हता, पण मऊही नव्हता. "गुरुवारपर्यंत खुलासा द्या. नाही दिलात तर खोटी माहिती दिली असं धरलं जाईल. अर्ज तर जाईलच, इथे राहायचा परवानाही जाईल."

शुक्रवारी तन्मयला जहाजावर चढायचं होतं.

परतीच्या वाटेवर गाडी तन्मयच चालवत होता. आता संशयाचं भूत असं असतं की ते दार ठोठावून येत नाही. आधी ते नुसतं पायरीवर बसतं. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आपण जहाजावर जातो आणि दिवाळीनंतर येतो. म्हणजे हे चार महिने नेमके आपण घरी नसतानाचे. यंदा सुनावणीसाठी जाणं पुढे ढकललं म्हणून, नाहीतर याही पावसाळ्यात आपण समुद्रावरच असतो. बंदर ओलांडेपर्यंत भूत घरात आलं होतं. व्हिडिओ कॉलवर ती नेहमी त्याच एका भिंतीपुढे का बसायची? तसली भिंत मोंबासात नसते का? आई नेहमी "आसा रे, न्हाणीत गेली हा" असं का म्हणायची?

"पेंडो, तू खय होतीस?" घराच्या फाटकाशी त्याने विचारलं.

"घरात," ती म्हणाली.

"मग पिवळा कशान इला?"

तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत भीती होती. शपथेवर सांगावी अशी भीती. तिने फाटक उघडलं आणि आत निघून गेली.

आई ओसरीवर नारळ सोलत होती. तन्मयने तिलाही तेच विचारलं.

"होती की घरातच. खय जातली?" आईचा कोयता थांबला, पण मान वर झाली नाही. "आणि माका कित्याक इचारतस? तिका इचार."

"तिका इचारलंय. ती बोलणा नाय."

"मगे तू पण गप रव."

झालं! आई सामील आहे. ज्या बाईने सुनेची पहिल्या वर्षी कोथिंबीर चिरण्यावरून हजेरी घेतली, तीच आता तिला पाठीशी घालते आहे. कदाचित तिथे तिचं कोणी असेल. लग्नाआधीचं. कदाचित एखादं मूल असेल आणि आईला त्याची दया आली असेल. माणूस इंजिनिअर असला म्हणून मन काही इंजिन नसतं, ते कुठल्याही इंधनावर पळतं. रात्री तो कुशीवर पडून राहिला आणि बाजूला पेंडोही जागी आहे हे त्याला कळत होतं. तिचा हात घ्यावा असं एकदा मनात आलं, पण घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसताना त्याच्या लक्षात आलं, की ताट एकच वाढलंय.

"तू?"

"तू जेव. मी मगे जेवतंय."

काल दुपारी काय झालं होतं? परवा? गेल्या काही दिवसांत ती एकदाही त्याच्याबरोबर जेवली नव्हती. बांगड्याचं तिखलं त्याच्या पानात, सोलकढी त्याच्या वाटीत, आणि ती उभी वाढायला. त्याला वाटलं होतं, सासूचं वळण. तो जेवून उठला, हात धुतला, झोपायला जातो म्हणाला आणि मागच्या पडवीतून वळसा घालून चुलीच्या खोलीच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. स्वतःच्याच घरात चोरासारखं उभं राहायची लाजही त्याला वाटली. पण तो हलला नाही.

आत पेंडो पातेल्यात उलथन्याने काहीतरी घट्ट घोटत होती. पांढरा, वाफाळलेला गोळा. तो तिने ताटात उलटा केला आणि वाटीने थापून गोल केला. तन्मयने मोंबासात असला गोळा शंभर वेळा खाल्ला होता.

तो दार ढकलून आत गेला. "उगाली! काल त्या बाईसमोर तोंड वर करून सांगितलंस की इथे मका खात नाही!"

पेंडोच्या हातातलं उलथनं खाली पडलं. बाहेरून आई धावत आली आणि ताट पाहून, मुलाला पाहून म्हणाली, "अरे, मको खयचो? वरी आसा ती! वरी दळून उकड काढता ती, तिच्या आयेच्या हातासारखी."

"वरी? आज काय एकादशी नाय काय नाय, मग वरी कित्याक?"

"कित्याक म्हणजे? चातुर्मास—"

पेंडोने झेप घेऊन सासूच्या तोंडावर हात ठेवला. अगदी घट्ट. दोघी तशाच उभ्या राहिल्या, एकमेकींना धरून. तन्मय त्यांच्याकडे बघत राहिला. काहीतरी फार जुनं त्याच्या आत हललं.

तो दहा वर्षांचा होता. नारळी पौर्णिमा झाली आणि पहिल्याच फेरीला बाबांचा ट्रॉलर गेला तो आलाच नाही. तेव्हा आई ओसरीवर डोकं आपटून एकच म्हणत होती, "मी सांगलंय म्हणान तो गेलो. माझ्या तोंडातून गेला आणि तो गेलो." काय सांगितलं होतं ते त्याला तेव्हा कळलं नव्हतं. नंतर विचारायचं धाडस झालं नाही.

आता, वरीच्या वाफेत उभं राहून, सगळं कळलं. या घरातल्या बायका समुद्रावर गेलेल्या पुरुषासाठी चातुर्मासात धान्य सोडतात, मासळी सोडतात. वरी आणि राजगिऱ्यावर राहतात. आणि ज्याच्यासाठी नेम, तो परत येईपर्यंत नेमाचं कोणापुढे बोलायचं नाही, त्याच्या कानावर तर तो मुळीच घालायचा नाही. आईने घातला होता, थट्टेत, नवऱ्याला. तीन वर्षांपूर्वी तांबड्या समुद्रात तन्मयच्या जहाजाचा संपर्क तुटला होता, पाच दिवस. तिथूनच पहिला पिवळा पट्टा सुरू होत होता.

तो पडवीत आला आणि फोनवर शोधू लागला. शोधायला लागलं काहीच नाही. वरी, राजगिरा, ज्वारी, बाजरी, मका, सगळ्यांची उन्हातून अन्न करायची रीत एकच, म्हणून सगळ्यांचा कार्बन सारखाच जड. काखेत कळसा म्हणतात तो हा. त्याने सबनीसबाईंना फोन लावला.

त्याने सगळं सांगितलं. "म्हणजे फराळ," त्या म्हणाल्या. "यंत्रातला अन्नाचा नकाशा ज्यांनी बनवला, त्यांनी कोकण म्हणजे भात-मासळी एवढंच धरलं. उपासाचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. मीसुद्धा एकादशी करते हो." मग त्यांचा कचेरीतला आवाज परत आला. "पण एक-दोन दिवस नाहीत, चार महिने आहेत. तीन वर्षं. कशासाठी, कोणासाठी, हे अर्जदाराने स्वतःच्या शब्दांत सांगायला हवं. ती जागा कोरी ठेवली तर पुढे जातच नाही."

पेंडो दारात उभी राहून ऐकत होती.

"मी सांगूचंय नाय," ती म्हणाली. "शुक्रवारी तू जातलस. तू परत येयसर मी काय बोलूचंय नाय."

"अगो, परवानो जायत! तुका हयसून घालवतीत!"

"घालवूदेत. तू बुडण्यापेक्षा ता बरा."

हसावं का रडावं त्याला कळेना. "तू ह्या मानतस? तू? मोंबासाची?"

"मी आयेक मानतंय," पेंडो म्हणाली. "तिका बघलंय मी, नारळी पौर्णिमेक कशी बसता ती. आणि तू काय मानतस? तीन पट्टे बघलंस आणि माका खय होतीस ता इचारलंस. काय खातस ता पाच वर्षांत कधी इचारलंस? मी रोज तुका फोनवर इचारी, जेवलास? तू कधी एकदा तरी उलट इचारलंस?"

एकदासुद्धा नव्हतं विचारलं. तिच्या पानात काय आहे ते जगात फक्त एका यंत्राने विचारलं, आणि तेही तिला पकडायला.

नेमाबिमावर तन्मयचा काडीचा विश्वास नव्हता. जहाज इंजिनावर चालतं आणि वादळ हवेच्या दाबावर, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरीही खुलाशाची ती जागा उघडून तो अर्धा तास बसला आणि तिच्या वतीने त्याला एक शब्द लिहवेना. लिहावं तर या दोघी त्याच्या येण्यापर्यंत रोज मरणार. न लिहावं तर तो परत येईल तेव्हा घरात ती नसेल. शेवटी त्याने ते पान मिटलं आणि कंपनीला निरोप धाडला: शुक्रवारी येत नाही, दुसरा माणूस बघा. पुन्हा बोलावतील की नाही याची खात्री नव्हती.

तो आत गेला. चुलीच्या खोलीत वरीचा गोळा तसाच होता, वर साय धरलेला. पेंडो भिंतीला टेकून बसली होती, सासूने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"मी समुद्रावर जाणंय नाय," तो म्हणाला. "आता बोललंस तरी चालात. आता लिही."

आईने डोळ्यांना पदर लावला. पेंडो उठून बसली, पण हसली नाही. तन्मय तिच्यासमोर जमिनीवर बसला, ताट तिच्याकडे सरकवलं आणि पाच वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "जेवलंस?"

तिने ताटाला हात लावला नाही. काल फाटकाशी त्याने जशी तिची नजर चाचपली होती, तशीच ती आता त्याची चाचपत होती.

"ह्या तू इचारतस," ती म्हणाली, "की ता यंत्र इचारता?"