सरस्वती सिस्टरच्या पाठोपाठ

हेमालीने नोकरी सोडली तेव्हा ऋतिका पोटात होती, आणि आता ऋतिका चौथीत होती. मधल्या काळात सासूबाईंचं आजारपण, डोंबिवलीतलं नवं घर, असं एकातून एक निघत गेलं. नर्सिंगचं रजिस्ट्रेशन तिने पुन्हा करून घेतलं, पण हातांचं काय? लसूण सोलता सोलता ती स्वतःच्या बोटांकडे बघत बसायची. या बोटांना आता शीर सापडेल का?

शेवटी तिने कल्याणच्या एका प्रसूतिगृहात मेट्रन मेघनाताईंना फोन केला.

"मॅडम, नोकरी लगेच नको. आधी काही दिवस कुणाच्या तरी पाठोपाठ फिरू द्या. मला जमतंय का ते बघते."

मेघनाताई हसल्या. "असं मागणारी तू पहिलीच. ये सोमवारी. आमच्या सरस्वती सिस्टर आहेत, कोपरी गावच्या. रिटायरमेंटला आल्यात. त्यांच्यामागे फिर."

सरस्वती सिस्टर आल्याचं सगळ्या मजल्याला कळायचं, असं त्यांचं हसणं. कोळ्यांच्या घरातली बाई, अंगाने भक्कम, आणि अंबाड्याच्या जाळीखाली मेट्रनला दिसू नये म्हणून दडवलेला अबोलीचा गजरा. त्यांनी हेमालीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"माझ्यामागं म्हणजे मागंच र्‍हायचं हां, बाय. पुढं नाय जायचं."

पहिल्याच दिवशी एका बाईला सलाइन लावायचं होतं. तिच्या शिरा दिसता दिसत नव्हत्या. "लाव," म्हणत सिस्टरांनी सुई हेमालीच्या हातात दिली. हेमाली नुसतीच शीर चाचपत राहिली. तेव्हा सिस्टरांनी आपला तळवा तिच्या हातावर ठेवला. चुलीपुढून उठून आल्यासारखा तो गरम होता. सुई अलगद आत गेली आणि नळीत रक्ताचा लाल ठिपका उमटला.

"गेली की गं!" सिस्टरांनी टाळी वाजवली.

दुपारी शेजारच्या खाटेवरच्या बाईला सुई लावताना मात्र सिस्टरांना शीर सापडेना. त्यांनी पुन्हा बघितलं, हसल्या आणि बाजूला झाल्या. "आज माझा हात बसत नाय. तूच कर."

हेमालीने केलं. घरी जाताना तिने नवऱ्याला फोन लावला. "यज्ञेश, अरे जमलं! पहिल्या झटक्यात!" तो येताना गरम जिलेबी घेऊन आला. शिकलेलं कुठे जातंय, असं दोघांनी ठरवून टाकलं.

पुढचे दिवस भराभर गेले. बेल वाजायच्या आधीच हेमाली त्या खाटेपाशी पोचायची. कुणाला ताप चढतोय, कोण दुखणं लपवतंय, हे तिला दारातूनच कळायचं. आपल्यात जुनी हेमाली परत येते आहे म्हणून ती खूश होती.

पण काही गोष्टी जुन्या हेमालीलाही येत नव्हत्या. सलाइनचं नवं मशीन तिने आधी कधी पाहिलंही नव्हतं. ते कोकलायला लागलं आणि तिच्या बोटांनी नेमकी बटणं दाबून ते गप्प केलं. बाळाला गुंडाळताना कापडाचं डावं टोक ती हनुवटीखाली खोचू लागली, अगदी सिस्टर खोचायच्या तसं. एकदा बाळाला थोपटताना तिच्या तोंडून कोळ्यांचं गाणं आलं. चालच नाही, शब्दही. हेमाली मूळची नाशिककडची. ते गाणं ती कुठे ऐकणार?

ऐकून ऐकून येतं माणसाला, असं तिने स्वतःला सांगितलं.

सिस्टर मात्र दिवसेंदिवस हलक्या होत चालल्या होत्या. चाल बदलली. जिना उतरताना त्या गुणगुणायच्या, खाली जाऊन बर्फाचा गोळा खाऊन यायच्या, जीभ काळी-जांभळी करून. एकदा त्यांनी स्पिरिटची बाटली उघडून वास घेतला आणि नाक मुरडलं.

"यात काय असतं गं?"

थट्टाच ती. हेमाली मनापासून हसली.

मग एका सकाळी शहाडची दिशा नावाची बाई दाखल झाली. पहिलटकरीण. अजून वेळ आहे म्हणेपर्यंत कळा एकदम वाढल्या. डॉक्टर शहाडच्या पुलावर गाड्यांत अडकले होते. खोलीत दिशा, सिस्टर आणि हेमाली. हेमाली सवयीने सिस्टरांच्या मागे उभी राहिली.

"सिस्टर, डोकं दिसतंय."

सिस्टर हलल्या नाहीत. त्या स्वतःचे तळवे उलटेसुलटे करून बघत होत्या.

"बाय," त्या हळूच म्हणाल्या, "हे कसं करतात गं?"

दिशा ओरडली.

हेमाली पुढे झाली.

बाळाच्या मानेला नाळेचा वेढा होता. असा वेढा तिने एकटीने कधीच सोडवला नव्हता. पण हातांनी तिला काही विचारलंच नाही. तळवे गरम झाले, बोट आत सरकलं, वेढा निघाला.

तिने बाळाची पाठ चोळली.

मग बाळ रडलं, खणखणीत.

"मुलगी आहे गं, दिशा!"

दिशा हसता हसता रडत होती. हेमालीचेही डोळे वाहत होते. तिने वळून पाहिलं. सिस्टर भिंतीकडे तोंड करून, डोळे घट्ट मिटून उभ्या होत्या. बाळाचा आवाज ऐकून त्यांनी डोळे उघडले. शाळा सुटलेल्या पोरीसारखं हसू होतं त्यांच्या चेहऱ्यावर.

"सुटले गं बाय. सुटले मी."

त्या निघून गेल्या. दुपारी मेघनाताईंनी हेमालीला बोलावलं. "सरस्वती सिस्टर सांगून गेल्या, उद्यापासून येणार नाहीत. त्यांची जागा तुला."

हेमालीने मेघनाताईंकडून पत्ता घेतला आणि रविवारी पेढे घेऊन ती कोपरीला गेली. ओटीवर सिस्टर झोपाळ्यावर पाय हलवत बसल्या होत्या. सून, प्रीती, खाली विळीवर मासे कापत होती. सिस्टरांनी लगेच पेढा तोंडात टाकला.

"गोड दिसतेस गं. कोण तू?"

"मी हेमाली. दवाखान्यातली."

"नर्स हायेस? बरं हाय बाय. मला तर रक्त बघवतच नाय. ल्हानपणापासून."

प्रीती हसली. "खरंच हो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते. म्हावरं कापायला घेतलं की आये तोंड फिरवते. सासू कोळीण, पण सगळं माझ्याच गळ्यात."

"पण इतकी वर्षं त्या दवाखान्यात होत्या ना?"

"कोण, आये?" प्रीतीने चमकून वर पाहिलं आणि विळी बोटात गेली.

रक्त आलं. सिस्टरांनी दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले.

हेमाली उठली. प्रीतीला तिने हात वर धरायला लावला, आत गेली, फळीवरच्या बरणीमागचा डबा काढला, त्यातलं मऊ सुती कापड फाडलं आणि येऊन बोटाला गुंडाळू लागली. गाठ मारताना तिच्या लक्षात आलं, या घरात आपण आज पहिल्यांदाच पाऊल टाकतोय.

तिने मान वर केली. प्रीतीला कसलंच नवल वाटलेलं दिसत नव्हतं. ती हेमालीकडेच बघत होती, रोजच्यासारखी.

"जरा सैल बांध ना, आये," ती म्हणाली.