'खाजगी' नावाचं फोल्डर

मुलुंड पूर्वेला नवघर रोडवरच्या आमच्या घरात कॉम्प्युटर एकच, हॉलमध्ये. आई बँकेतून निवृत्त झालेली. शब्दकोडी सोडवता सोडवता ती माझी फोल्डरंही उघडायची. कधी बोलली नाही, पण फाइल शेवटची उघडल्याची वेळ दुपारची दिसायची, आणि दुपारी मी ऑफिसात असायचे.

म्हणून बायॉप्सीचे रिपोर्ट मी 'प्रिंटर' नावाच्या फोल्डरमध्ये दडवले आणि तिला सापडावं असं 'खाजगी' नावाचं दुसरं केलं. त्यात खोटी डायरी लिहिली, नऊ पानं. नुसती ऑफिसची रडगाणी तिला पटली नसती, म्हणून एक माणूस घातला. देवदत्त. ठाण्याचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. असा कुणी माझ्या ओळखीत नव्हता.

आठवडाभर आई खुशीत होती. मग एका संध्याकाळी मेथी निवडताना म्हणाली, "ऋता, देवदत्त येऊन गेला गं."

"कोण?"

"लाजतेस काय? चहा घेतला त्याने. बिनसाखरेचा."

साखरेचं मी काही लिहिलं नव्हतं. सिंकमध्ये दोन कप होते.

वयाचं म्हणून मी सोडून दिलं असतं. पण खाली गेटवरच्या वहीत त्याचं नाव होतं, वेळ चार दहा. वॉचमन म्हणाला, "येतात की ते. मंगळवारीपण आलेले."

वर येऊन डायरी उघडली. अकरा पानं. दहाव्यावर आमचा हॉल, कुरकुरणारा पंखा, आईचा दुखरा गुडघा. अकराव्यावर एकच ओळ: 'शनिवारी ऋताबरोबर कुणीतरी हवं.'

शनिवारी हॉस्पिटलात जायचंय हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

फोल्डर पुसून टाकलं. आईला काही विचारायचा धीर झाला नाही.

शनिवारी सकाळी ती साडी नेसून दारात उभी.

"गाठीचं त्याने सांगितलं मला," ती म्हणाली. "तू नसतं सांगितलंस."

रिक्षात तिने माझा हात सोडला नाही. मी रडले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच हलकं वाटलं.

हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलीने यादीवरून बोट फिरवलं.

"ऋता ना? तुमची फाइल तुमच्याबरोबरच्यांनी आत नेलीय. बसलेत ते."

केबिनचं दार अर्धवट उघडं होतं. आत एक पुरुष हळू आवाजात माझा रिपोर्ट वाचून दाखवत होता.

आई पदर सावरून माझ्यापुढे निघाली.