ओळीआधीचा ठिपका

भुतं रात्रीच येतात असं ज्यानं सांगितलं, त्यानं कधी कचेरीत नोकरी केली नसावी.

कचेरीतली भुतं कचेरीच्याच वेळेत येतात. डबा खाऊन झाल्यावर. तीनच्या सुमाराला.

हसा. मीही हसलो होतो. पण ही गोष्ट खरी आहे. मी थापा मारतो असं अख्खा तालुका म्हणतो, ते राहू द्या. ज्याच्यावर हे गुदरलं तो देवानंद आजही लोणारला राहतो आणि त्यानं जन्मात कधी थाप मारलेली नाही. एक सोडून. तीच ही गोष्ट.

साल दोन हजार पाच. दिवाळी होऊन गेलेली, कपाशीची वेचणी चालू. जागा लोणारच्या बसस्टँडमागची, दोन खोल्यांची कचेरी. खात्याचं नाव घेत नाही. कुणाची तरी पेन्शन अडकायची.

तिथं बोगस बियाण्याच्या तक्रारी नोंदवत. देवानंद ऑपरेटर. नऊ वर्षं रोजंदारीवर. घरी बायको आणि मांडीवरची पोर, मयुरी. रोज संध्याकाळी बुद्धवंदना. भूतखेत मानणाऱ्यातला तो नव्हेच.

यंत्र मात्र जुनाट. जगभर रंगीत पडदे आले, तरी इथं काळ्या काचेवर हिरवी अक्षरं. माउस नव्हता, उंदीर मात्र भरपूर. मराठी मजकूरसुद्धा इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा.

त्या यंत्राची मजकूर मांडायची एक रीत होती. ओळीच्या सुरुवातीला ठिपका दिला, की यंत्र समजायचं, ही ओळ छापायची नाही, हा आपल्याला हुकूम आहे. जागा सोड. मथळा मधोमध घे. असं काही.

आणि ठिपक्यापुढचा हुकूम त्याला कळलाच नाही तर?

यंत्र गप्प. चूक दाखवायचं नाही. ती ओळ गिळायचं आणि पुढे जायचं.

हे देवानंदला फजितीतूनच कळलं होतं. पहिल्या वर्षी त्यानं नुकसानीची यादी केली. आधी क्षेत्र, मग नाव. एकराचा धनी म्हणजे हेक्टरात पॉइंट चाळीस. पुढचं शून्य टाकायचा कंटाळा केला, नुसता ठिपका देऊन चाळीस लिहिलं. यादी छापून आली तर मोठे बागायतदार तेवढे जागेवर. एकरवाले सगळे गायब!

चार गावचे लोक कचेरीवर चालून आले. मग यानं यंत्रातलीच माहितीची फाइल उघडली. शंभरेक पानं, सगळी इंग्रजीत. पडदाभर वाचायचं, की तळाला शब्द उमटायचा... मोअर. म्हणजे अजून आहे. स्पेस दाबली की पुढचा पडदा. असं तीन दिवस वाचलं तेव्हा कुठं ठिपक्याची गंमत सापडली. पुढे वर्षभर कचेरीत हा किस्सा चहाबरोबर चालला.

कचेरीचे प्रमुख निवृत्ती साहेब, त्यांनी तो हसत हसत ऐकला होता. आणि ध्यानात ठेवला होता.

त्या दिवाळीनंतर नूरबी आली. पन्नाशीची बाई, एक एकराची मालकीण. नवरा गफ्फार महिन्यापूर्वी वारलेला. दुसरबीडच्या पंजाबरावाच्या दुकानातून त्यानं बीटी कपाशीचं बियाणं म्हणून पाकीट आणलं. अळी लागणारच नाही, दुकानदार छातीला हात लावून बोलला होता. अळी लागली. गफ्फारनं उघड्या अंगानं आठ फवारण्या केल्या. नवव्या फवारणीला पाठीवरच्या पंपासकट कपाशीच्या तासात पडला, तो उठला नाही.

रिकामं पाकीट नूरबीनं पदरात बांधून आणलं होतं. तिला पैसा नको होता. पंजाबरावाच्या गोदामात तसलीच पाकिटं थप्पीनं होती, आणि पुढच्या मृगाला ती दुसऱ्या कुणाच्या घरात जाणार होती. तिचा जबाब छापून वर गेला, की दुकानाला कुलूप. एवढंच तिला हवं होतं.

ती सांगत गेली, देवानंद टाइप करत गेला. मध्येच तिनं विचारलं, ह्यात तिचं नाव कुठं आहे. त्यानं पडद्यावर दाखवलं. तिनं त्या हिरव्या अक्षरांवर बोट टेकवलं आणि ओळखीच्या माणसाचा चेहरा बघावा तशी बघत राहिली. काचेवर बोटाचा डाग उमटला. फवारणीच्या औषधाचा वास होता त्याला.

"आन् खाली हे काय लिवलं, भाऊ?"

"मोअर, चाची. म्हंजे अजून हाये."

"हाव," नूरबी म्हणाली. "अजून तं लय हाये."

आणि पुन्हा सांगू लागली. जबाब भरला त्रेचाळीस ओळींचा. तशी नोंद रजिस्टरात झाली.

दुसऱ्या दिवशी पंजाबरावाची जीप कचेरीसमोर उभी होती. ती गेल्यावर साहेबांनी देवानंदला आत बोलावलं. टेबलावर एक कागद होता. त्याला नोकरीत कायम करण्याचा प्रस्ताव. सही तेवढी राहिलेली.

"खोडू नको रे काही," साहेब हळूच बोलले. "खोडलं तर ओळी कमी भरतात. तुझे ते ठिपके दे नुसते."

देवानंदनं ठिपके दिले. त्रेचाळीस. मनाशी म्हणाला, मी कुठं काय मिटवलं? फायलीत सगळं आहेच की.

छापून आलं ते असं. वर तारीख. तिच्याखाली लगेच, जबाब संपला.

नूरबी नक्कल घ्यायला आली. वाचता येत नव्हतं, पण नावाचा आकार तिला पाठ होता. कागदावरून बोट फिरवलं. उलटून पाहिला. परत फिरवलं.

"मायं नाव नाही ह्याच्यात."

मशीननं खाल्लं, असं देवानंद म्हणाला. हीच ती थाप.

"मशीनले दात असतात काय, भाऊ?"

नूरबीनं कागदाची घडी केली, रिकाम्या पाकिटाशेजारी पदरात बांधली. दारात थांबली. आवाज चढला नाही तिचा.

"माह्या घरचं नाव मिटवलं तुमी. आता तुमच्या घरचं कोन लिवते, पाहू."

पंधरा दिवसांत नूरबी गेली. ताप होता म्हणतात. गफ्फारच्या शेजारीच तिची कबर आहे.

आणि मग सुरू झालं...

महिनाअखेरची पगारपत्रकं. दुपारचे तीन. छपाईचं यंत्र कर्र कर्र करत एका जागी अडखळलं, आणि पुढे गेलं.

कागदावर निवृत्ती साहेबांचं नाव नव्हतं.

देवानंदनं फाइल उघडली. नाव होतं. नावाआधी ठिपका होता. आपल्याच हातून पडला असेल म्हणून त्यानं तो काढला. चहाचा पेला उचलला...

टक्.

ठिपक्याचं बटण आपसूक खाली गेलं आणि वर आलं.

पडद्यावर ठिपका परत जागेवर.

खिडक्या बंद होत्या. तरी खोलीत फवारणीच्या औषधाचा वास भरला. काचेवरचा तो डाग त्यानं रुमालानं पुसला, रॉकेलनं पुसला. गेला नाही. उलट... सरकला होता. आता साहेबांच्या नावावर होता.

दोन दिवसांनी परवानाधारक दुकानदारांची यादी छापली. त्यात पंजाबराव नाही. चौथ्या दिवशी पंजाबराव आपल्याच गोदामात, त्याच पाकिटांच्या थप्पीवर मेलेला सापडला. छातीत फवारणीचं औषध भरलं होतं म्हणे. गोदामात ना पंप होता, ना बाटली. कुलूप आतून लावलेलं.

साहेब हादरले. यंत्र बंद करा म्हणाले. देवानंदनं भिंतीतली पिन काढली. त्या काळी आमच्याकडे बारा-बारा तास भारनियमन. त्या दिवशी दुपारी तीनला तर सगळ्या लोणारात वीज नव्हती.

पडदा पेटला.

हिरवी एकच ओळ. निवृत्ती साहेबांचं नाव. आणि दोघांच्या डोळ्यांदेखत...

टक्.

साहेब बाहेर धावले. स्कूटर काढली आणि निघाले. स्कूटर संध्याकाळी सरोवराच्या काठावर मिळाली. चावी लावलेली. साहेब मिळाले नाहीत. आजतागायत नाहीत.

पोलीस चौकशीला आले, त्यांनी साहेबांचे कागद मागितले. कुठल्याच यादीत नाव नाही. हातानं लिहिलेल्या हजेरीपुस्तकावर तेवढ्या सह्या, त्याही न वाचता येणाऱ्या. हवालदार टोपी काढून डोकं खाजवत बसला.

"असा कोनी साहेब इथं होता, याचाच कागद नाही तुमच्याकडं. हुडकू कोनाले?"

त्याच दुपारी देवानंदनं पिन परत लावली आणि आपल्या कायम नोकरीच्या आदेशाची फाइल उघडली. प्रस्तावाच्या कागदावर साहेबांनी जाण्याआधी सही केलेली होती. नाव बघायला तो पुढे वाकला. काचेवरचा डाग त्याच्या नावाशेजारी येऊन थांबला होता.

टक्.

त्याच्या डोळ्यांसमोर मयुरी आली. त्यानं आदेशाची फाइल तशीच टाकली आणि नूरबीची उघडली. पहिल्या ओळीचा ठिपका काढला. थांबला. बटण हललं नाही. दुसरा काढला. त्या दिवशी वीज चारला जायची होती. घामानं बोटं निसटत होती, तरी एकेक करून त्रेचाळीस ठिपके काढले आणि छपाई सोडली.

पूर्ण जबाब आला. पाकीट, दुकान, नऊ फवारण्या, सगळं. तो कागद त्यानं नूरबीच्या लेकीच्या, आसमाच्या हातात नेऊन दिला आणि तिच्यासोबत जिल्ह्याला जाऊन वरच्या साहेबांपुढे ठेवला. गोदामाला सील लागलं. त्या मृगाला ती पाकिटं कुणाच्या घरात गेली नाहीत.

तुम्ही म्हणाल, झालं, फिटलं. देवानंदलाही तसंच वाटलं होतं.

पण जबाबाच्या शेवटी एक ओळ असते. जबाब नोंदवणाऱ्याच्या, म्हणजे देवानंदच्या, नावाची. त्या कागदावर तेवढीच ओळ नव्हती.

कचेरीत परतून त्यानं पडद्यावर पाहिलं. फाइल त्रेचाळिसाव्या ओळीला संपली होती. खाली शब्द होता... मोअर.

त्यानं स्पेस दाबली.

मोअर.

पुन्हा दाबली. पुढे काहीच नव्हतं, आणि तरी... मोअर.

यंत्र भंगारात गेलं त्याला वर्षं झाली. देवानंद कायम झाला नाही. आदेशात नाव कुणाचं, अशी वरून विचारणा आली आणि आदेश तिथंच अडकला. आता रसवंती चालवतो. मतदार यादीत दरवर्षी नाव घालतो, दरवर्षी ते येत नाही. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुखाची जागा कोरी. हातानं लिहिलेलं नाव मात्र टिकतं. नूरबीनं तेवढी सवलत ठेवली आहे.

गेल्या वैशाखात मयुरीचं लग्न झालं. पत्रिका चिखलीला छापल्या, नव्या कोऱ्या यंत्रावर. बापाचं नाव उठलंच नाही. छापखानेवाल्यानं तीनदा छापून पाहिलं आणि शेवटी हात जोडले. देवानंदनं चारशे पत्रिकांवर पेनानं आपलं नाव लिहिलं. एक माझ्याकडे आहे.

लग्न छान झालं. मी वरणात बट्टी कुस्करत होतो, तेव्हा वास आला. औषधाचा. वैशाखात शेतं उघडी असतात, फवारतो कोण? देवानंदकडे पाहिलं. तो पाहुण्यांना पाणी देता देता थांबला होता.

घरी येऊन मी चष्मा लावला आणि पत्रिका नीट पाहिली. मुलीच्या नावाची ओळ. आयुष्मती मयुरी. त्याच्याआधी... एक ठिपका.

माशीची घाण असेल म्हणून नखानं खरडला. निघाला नाही.

देवानंदला मी हे सांगितलेलं नाही. सांगायची गरज नसावी. लग्नाची नोंदणी करून तीन महिने झाले, पोरीच्या नावाचा दाखला छापून यायचा आहे. तो रोज दुपारी रसवंती बंद करून कचेरीत विचारायला जातो. तीनच्या सुमाराला.

कारकून मान वर न करता सांगतो.

अजून नाही.