मिलची पुण्यतिथी

"रोज कोणी जन्मतं, कोणी मरतं... आणि आमचं काहीच होत नाही का, मॅडम?"

राजवाड्यामागच्या मराठी वाचनालयात फळ्यावर दिनविशेष लिहिणाऱ्या अमिताचा हात थबकला. दारात एक अनोळखी तरुण उभा होता. भिजलेला, आतून धुमसणारा.

"तुमचं म्हणजे कोणाचं?"

"मिलचं. परवा वर्ष होईल बंद पडून. लिहाल?"

"गेटवर 'तात्पुरती बंद' अशी नोटीस आहे."

"ती वाचूनच तर आबा रोज गेटवर जाऊन बसतात! पीथमपूरला कारखान्यात मला नोकरी मिळालीय, पण जाऊ देत नाहीत. म्हणे, मिल चालू होणार, खात्यात तुझी जागा आहे. या फळ्यावरचं तेवढं ते खरं मानतात, भिया!"

"मी भिया नाही. भाऊ दिसते का मी?"

"पता है. म्हणूनच इतकं नीट बोलतोय."

तिला हसू आलं. हसू आल्याचा रागही आला.

तो तरुण, हृषीकेश, दुसऱ्या दिवशीही आला, भांडायलाच. संतापला की त्याचा आवाज चढत नसे, खोल खोल उतरत जाई... आणि अमिता नकळत त्यामागून उतरत राही. पण तिचे वडील बाबूराव मिलचे टाइमकीपर होते, वाचनालयाचे चिटणीसही. ती नोटीस त्यांनीच चिकटवली होती, आणि तिच्यातल्या 'तात्पुरती' या शब्दावर त्यांचा अजून विश्वास होता.

तिसऱ्या सकाळी तिने लिहिलं : 'गतवर्षी याच दिवशी आपली मिल बंद पडली.'

"पूस ते!" बाबूराव कडाडले. "पुण्यतिथी मेलेल्यांची असते."

"मेलीच आहे, बाबा."

"तात्पुरती, असं सांगितलं होतं मला!"

"कोणी? तो सांगणारा पुन्हा फिरकला का कधी?"

त्यांनी डस्टर उचललं. ती फळ्याला पाठ लावून उभी राहिली. "मग आधी मला पुसा."

तेवढ्यात हृषीकेशसह त्याचे आबा, म्हणजे वडील जयसिंगराव, आत आले. गेटकडे जाताना फळा वाचायचा त्यांचा शिरस्ता होता. ओळ त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली.

"टाइमकीपरसाहेब... खरं आहे हे?"

बाबूरावांनी डस्टर टेबलावर ठेवलं.

"खरं आहे."

जयसिंगराव मुलाकडे वळले. दुखावलेल्या, करड्या स्वरात म्हणाले, "पीथमपूरची बस कधी असते तुझी?"

बाहेर पायरीवर अमिताच्या डोळ्यांत पाणी होतं, संतापाचं.

"रागावलात, अमिताजी?"

"हो. बाबांना असं मोडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि तू... जिंकून निघालास."

तिने 'तू' म्हटलेलं ऐकून तो उतरलेली पायरी परत चढून आला.

"संध्याकाळी परत येतोच ना मी. तासाभराची तर बस."

"भांडायला?"

"नाही... ते निमित्त संपलं." त्याचा आवाज खोल गेला, आता त्यात राग नव्हता. "तुझ्यासाठी येईन. रोज."

"रविवारीसुद्धा," अमिता म्हणाली — अजून रागातच.